डीई ई९ या दोन बाइटना एक साधन एफसबपी म्हणतं, दुसरं एफसबआरपी. खरं कोणतं?

सोळामान विचारतात:

३२-बिट एक्स८६ बायनरी वाचण्यासाठी लहानसा डिसअसेंबलर (बाइटवरून इन्स्ट्रक्शन ओळखणारं साधन) लिहितो आहे. पूर्णांकांच्या इन्स्ट्रक्शन नीट उलगडतात. डी८ ते डीएफ या बाइटने सुरू होणाऱ्या फ्लोटिंग पॉइंट इन्स्ट्रक्शनपाशी मात्र घोळ होतो. चाचणीसाठी घेतलेलं फंक्शन असं आहे (सगळे बाइट हेक्समध्ये, ए ते एफ म्हणजे १० ते १५):

५५
८९ ई५
डीडी ४५ ०८
डीडी ४५ १०
डीई ई९
डीसी ७५ १८
सी९
सी३

सी मध्ये हे फंक्शन (अ − ब) / क असं आहे. तिन्ही आर्ग्युमेंट डबल. नॅस्म या असेंबलरसोबत येणारा डिसअसेंबलर पाचव्या ओळीला एफसबपी म्हणतो. ग्नूचा डिसअसेंबलर ऑब्जडंप त्याच ओळीला एफसबआरपी म्हणतो. एकात वजाबाकी सरळ, दुसऱ्यात उलटी. फाइल तीच, बाइट तेच.

यातलं कोणतं धरायचं? आणि मॅन्युअलमधली कोष्टकं पाहून मी शेकडो ओळींचं टेबल टाइप करायला घेतलं आहे, त्याऐवजी यामागे काही नियम आहे का? एक ओळ चुकली तरी कळायला मार्ग नाही, ही खरी काळजी आहे.

———

अष्टमान यांचं उत्तर:

दोन्ही साधनं बरोबर आहेत. बाइट काय करतात याबद्दल त्यांच्यात मतभेद नाही, फक्त त्या कृतीला नाव काय द्यायचं याबद्दल आहे. म्हणून आधी नावं बाजूला ठेवा आणि बिट वाचा. टेबलही आपोआप आटोपशीर होईल.

डी८ ते डीएफ या आठही बाइटचे वरचे पाच बिट ११०११ असतात. ८०८६ मध्ये याचा अर्थ ‘एस्केप’, म्हणजे ही इन्स्ट्रक्शन शेजारच्या ८०८७ या फ्लोटिंग पॉइंट कोप्रोसेसरसाठी आहे. उरलेले खालचे तीन बिट हे क्रियेचा अर्धा भाग. उरलेला अर्धा पुढच्या मॉडआरएम (ऑपरंड कुठे आहे ते सांगणाऱ्या) बाइटच्या मधल्या तीन बिटमध्ये, म्हणजे रेगमध्ये. मॉडआरएमची रचना नेहमीचीच: दोन बिट मॉड, तीन बिट रेग, तीन बिट आरएम.

हातानं उलगडताना बाइट अष्टमान पद्धतीत लिहा. २-३-३ अशी विभागणी असल्यामुळे अष्टमानाचा एकेक अंक म्हणजे थेट एकेक फील्ड होतं. डी८ ते डीएफ हे ३३० ते ३३७ होतात. ४५ हेक्स म्हणजे १०५: मॉड १, रेग ०, आरएम ५. ई९ म्हणजे ३५१: मॉड ३, रेग ५, आरएम १. यापुढे एस्केप बाइटचा शेवटचा अंक आणि रेगचा अंक एवढ्या दोनच गोष्टींकडे पाहायचं.

पहिला फाटा मॉडवर. मॉड ० ते २ असेल तर ऑपरंड मेमरीत. ३ असेल तर आरएम म्हणजे ८०८७ च्या आठ रजिस्टरांच्या स्टॅकमधला, एसटी० (सर्वांत वरचं) ते एसटी७ मधला क्रमांक. या दोन फाट्यांची टेबलं पूर्ण वेगळी आहेत, एकत्र करायला जाऊ नका.

मेमरी फाट्यात सम बाइट, म्हणजे डी८, डीए, डीसी, डीई, हे सगळे अंकगणिताचे. ऑपरंडचा प्रकार बाइटवरून ठरतो: डी८ ला ३२-बिट फ्लोट, डीए ला ३२-बिट पूर्णांक, डीसी ला ६४-बिट फ्लोट, डीई ला १६-बिट पूर्णांक. क्रिया रेगवरून, चारही बाइटना एकाच क्रमानं:

० अ‍ॅड
१ मल
२ कॉम
३ कॉमपी
४ सब
५ सबआर
६ डिव्ह
७ डिव्हआर

बत्तीस इन्स्ट्रक्शन या आठ ओळींत संपल्या. पूर्णांकाच्या वेळी नावात ‘आय’ येतो, एफआयअ‍ॅड वगैरे, एवढाच फरक.

विषम बाइट लोड-स्टोअरचे: डी९ ला ३२-बिट फ्लोट, डीबी ला ३२-बिट पूर्णांक, डीडी ला ६४-बिट फ्लोट, डीएफ ला १६-बिट पूर्णांक. रेग ० म्हणजे लोड, २ म्हणजे स्टोअर, ३ म्हणजे स्टोअर करून पॉप (स्टॅकवरचं वरचं मूल्य काढणे). रेग १ मूळच्या रचनेत रिकामा होता; एसएसई३ हा इन्स्ट्रक्शनचा नवा संच आल्यावर डीबी, डीडी आणि डीएफ मध्ये तिथे एफआयएसटीटीपी बसवली गेली, डी९ मध्ये तो अजून रिकामाच आहे. रेग ४ ते ७ मात्र नियमात बसत नाहीत. या सोळा जागा हातानंच लिहाव्या लागतात:

डी९: एफएलडीईएनव्ही, एफएलडीसीडब्ल्यू, एफएनएसटीईएनव्ही, एफएनएसटीसीडब्ल्यू
डीबी: रिकामी, ८०-बिट एफएलडी, रिकामी, ८०-बिट एफएसटीपी
डीडी: एफआरस्टोर, रिकामी, एफएनसेव्ह, एफएनएसटीएसडब्ल्यू
डीएफ: एफबीएलडी, ६४-बिट एफआयएलडी, एफबीएसटीपी, ६४-बिट एफआयएसटीपी

८०-बिट मूल्य मेमरीत ठेवायला फक्त पॉप करणारं रूप आहे, पॉप न करणारं नाही. ६४-बिट पूर्णांकाचंही तसंच. तुमच्या आउटपुटमध्ये ‘एफएसटी टीबाइट’ (टीबाइट म्हणजे ८०-बिट) असं काही दिसलं तर तो डिकोडरचा दोष समजा.

आता तुमचा मूळ प्रश्न, मॉड ३ चा फाटा. इथे अंकगणित फक्त डी८, डीसी आणि डीई मध्ये आहे. (डीए आणि डीबी मधल्या बऱ्याच जागा पेंटियम प्रो पासून एफसीमूव्हसाठी वापरल्या आहेत, त्या वेगळ्या.) एस्केप बाइटचा बिट २ म्हणजे ‘डी’ बिट: ० असेल तर उत्तर एसटी० मध्ये, १ असेल तर एसटीआय मध्ये, इथे आय म्हणजे आरएममधला क्रमांक. बिट १ म्हणजे शेवटी पॉप. म्हणून डी८ साधं, डीसी उत्तर एसटीआय मध्ये, डीई उत्तर एसटीआय मध्ये आणि वर पॉप.

वजाबाकी-भागाकारात रेगचा सर्वांत खालचा बिट म्हणजे ‘आर’ बिट. त्याचा अर्थ सगळीकडे एकच आहे:

आर = ० : एसटी० − दुसरा
आर = १ : दुसरा − एसटी०

‘दुसरा’ मेमरीतला असो वा एसटीआय, उत्तर कुठेही जावो, हा अर्थ बदलत नाही. भागाकारालाही हेच.

नावांचा गोंधळ इथून सुरू होतो. इंटेलच्या नियमानं एफसब म्हणजे ‘डेस्टिनेशन − सोर्स’. उत्तर एसटी० मध्ये जात असेल तर आर = ० ला एफसब म्हणणं जुळतं. उत्तर एसटीआय मध्ये जात असेल तर डेस्टिनेशन एसटीआय होतं, आणि त्याच आर = ० ला एफसबआर म्हणावं लागतं. म्हणून इंटेलच्या कोष्टकात डी८ ई० हा एफसब आहे आणि डीसी ई० हा एफसबआर. मॅन्युअलमध्ये हेच ‘आर एक्सऑर डी’ असं एका ओळीत दिलेलं असतं, ती ओळ सहज नजरेतून निसटते.

एटी अँड टी परंपरेतल्या युनिक्स असेंबलरांनी डेस्टिनेशन न बघता आर = ० ला सरसकट एफसब म्हटलं. ग्नू असेंबलरनं जुन्या सोर्सशी सुसंगती राहावी म्हणून तेच ठेवलं, आणि आपल्या दस्तऐवजात या विसंगतीची नोंदही केली आहे: त्या पद्धतीत ‘एफसब एसटी, एसटी३’ लिहिलं तर एसटी३ मध्ये एसटी − एसटी३ जातं, अपेक्षेप्रमाणे एसटी३ − एसटी नाही. ऑब्जडंप तीच नावं छापतो.

आता तुमची ओळ. डीई ई९ म्हणजे ३३६ ३५१. शेवटचा अंक ६: डी = १, पॉप = १. रेग ५: वजाबाकी, आर = १. आरएम १. म्हणजे एसटी१ − एसटी०, उत्तर एसटी१ मध्ये, मग पॉप. त्याआधी अ लोड झाला, मग ब; त्यामुळे एसटी१ = अ, एसटी० = ब. उत्तर अ − ब. पुढची डीसी ७५ १८ म्हणजे ३३४ १६५ आणि १८ हे विस्थापन (पत्त्यात मिळवायची संख्या): मेमरीतला डबल, रेग ६, आर = ०, म्हणजे एसटी० भागिले [ईबीपी+२४]. अ = ७, ब = ३, क = २ घातलं की २ येतं. एफसबआरपी हे नाव वाचून इंटेलच्या अर्थानं लावलं तर −२ येईल.

ऑब्जडंपला ‘−एम इंटेल-निमॉनिक’ हा पर्याय द्या, मग तो इंटेलची नावं वापरतो. नुसतं ‘−एम इंटेल’ हे प्रामुख्यानं ऑपरंडच्या मांडणीसाठी आहे. नावांसाठी त्यावर विसंबू नका.

आणि डिकोडरच्या आत नाव साठवूच नका, एवढा आग्रह धरतो. क्रिया, डावा ऑपरंड, उजवा ऑपरंड, डेस्टिनेशन, पॉपची संख्या: एवढं साठवा. नाव हे छापतानाचं काम आहे. मग दोन्ही बोलींत आउटपुट देता येतं आणि पुढे विश्लेषण करणारा कोड कधी उलटा जात नाही.

———

सोळामान:

आर बिटचा अर्थ कळल्यावर टेबलातल्या दीडेकशे ओळी काढून टाकता आल्या. मेमरीचा भाग पूर्ण जुळला. अजून दोन ठिकाणी अडतो आहे.

एक: फ्लोटचा पूर्णांक करताना हा क्रम दिसतो:

९बी डी९ ७डी एफई
६६ ८बी ४५ एफई
८० सीसी ०सी
६६ ८९ ४५ एफसी
डी९ ६डी एफसी
डीबी ५डी एफ८
डी९ ६डी एफई

यातला पहिला ९बी प्रीफिक्स, म्हणजे पुढच्या इन्स्ट्रक्शनचाच भाग, मानायचा का? मानला तर पुढच्या इन्स्ट्रक्शनचं नाव बदलतं, नाही मानला तर एकाच्या दोन इन्स्ट्रक्शन होतात.

दोन: एका जुन्या १६-बिट डॉस प्रोग्रॅममध्ये डी८ ते डीएफ जवळजवळ सापडतच नाहीत. त्याऐवजी सीडी ३९ ४६ ०६ अशा गोष्टी दिसतात आणि त्यानंतरचं सगळं डिसअसेंब्ली भरकटतं.

———

जुनाबायोस यांचं उत्तर:

९बी ही स्वतंत्र, एका बाइटची इन्स्ट्रक्शन आहे: एफवेट. प्रोसेसर तिला तसंच राबवतो. ‘एफएसटीसीडब्ल्यू’ नावाची वेगळी इन्स्ट्रक्शन यंत्रात नाही. असेंबलर तिच्यासाठी एफवेट आणि एफएनएसटीसीडब्ल्यू अशा दोन इन्स्ट्रक्शन सोडतो. एफइनिट (९बी डीबी ई३), एफक्लेक्स (९बी डीबी ई२), एफएसटीएसडब्ल्यू एएक्स (९बी डीएफ ई०), एफसेव्ह, एफएसटीईएनव्ही यांचंही तसंच. डिकोडरमध्ये दोन वेगळ्या ठेवा. सुवाच्यतेसाठी जोडून दाखवायच्या असतील तर छपाईच्या थरात जोडा. दोन्हींच्या मधल्या पत्त्यावर जंप येऊ शकते, आणि आधीच जोडून टाकल्या असतील तर ती जंप कुठेच पोहोचत नाही. शिवाय ९बी नंतर साधी एफअ‍ॅड आली तर तिचं नाव बदलत नाही, हेही लक्षात ठेवा.

८०८७ च्या काळात (१९८०) ही एफवेट जवळपास प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या आधी लागायची, कारण ८०८७ बसवरून स्वतःच इन्स्ट्रक्शन ओळखून घ्यायचा आणि ८०८६ त्याच्यासाठी आपणहून थांबत नसे. ८०२८६ पासून प्रोसेसर स्वतः थांबतो. म्हणून १६-बिट कोडमध्ये ९बी चा सडा दिसतो आणि ३२-बिट कोडमध्ये मोजक्या ठिकाणी.

याच जुन्या रचनेमुळे तुमचं एक काम सोपं झालं आहे. मेमरीचा पत्ता काढण्याचं काम ८०८६ चं होतं, म्हणजे एफपीयूला (इथे ८०८७ ला) काय करायचं आहे हे न कळताही त्याला इन्स्ट्रक्शनची लांबी कळणं भाग होतं. म्हणून डी८ ते डीएफ च्या कुठल्याही इन्स्ट्रक्शनला इमिजिएट ऑपरंड (इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेली संख्या) नसतो. लांबी म्हणजे ऑपकोड, मॉडआरएम, असल्यास एसआयबी (पत्त्यासाठीचा जादा बाइट) आणि विस्थापन. रिकामी किंवा अनोळखी जागा आली तरी लांबी बरोबरच काढा आणि पुढे चला. ‘एक बाइट सोडून पुन्हा प्रयत्न’ केलात की पुढचं सगळं सरकतं.

तुमचा क्रम म्हणजे सी मधलं इंट कास्ट. डी९ ७डी एफई: रेग ७, कंट्रोल वर्ड (राउंडिंग वगैरेची सेटिंग असलेलं रजिस्टर) [ईबीपी−२] मध्ये. तो एएक्स मध्ये घेतला. ८० सीसी ०सी म्हणजे ऑर एएच, ०सी: कंट्रोल वर्डचे बिट १० आणि ११ दोन्ही १ केले, म्हणजे शून्याकडे छाटणे. एफएनइनिट नंतर कंट्रोल वर्ड ०३७एफ असतो, त्यात हे दोन्ही बिट ० असतात, म्हणजे जवळच्या अंकाकडे आणि बरोबर मध्यावर असेल तर सम अंकाकडे. डी९ ६डी एफसी नं नवा वर्ड लावला, डीबी ५डी एफ८ नं ३२-बिट पूर्णांक साठवून पॉप केलं, शेवटच्या ओळीनं जुना वर्ड परत. मधली ६६ फक्त मूव्हच्या ऑपरंडचा आकार बदलते. एफएलडीसीडब्ल्यू नेहमीच १६-बिट, तिला ६६ लागत नाही. ६६ चा खरा परिणाम एफएनएसटीईएनव्ही आणि एफएनसेव्हवर होतो: ३२-बिट रूपात अनुक्रमे २८ आणि १०८ बाइट लिहिले जातात, १६-बिट रूपात १४ आणि ९४. स्टॅक फ्रेमचा आकार काढणारं साधन असेल तर इथे लक्ष ठेवा.

आता सीडी ३९. कोप्रोसेसर नसलेल्या मशीनवरही चालावं म्हणून डॉसच्या कंपायलर-लिंकरांनी फ्लोटिंग पॉइंट इन्स्ट्रक्शनच्या जागी सॉफ्टवेअर इंटरप्ट ठेवले. ३४ ते ३बी हे इंटरप्ट क्रमानं डी८ ते डीएफ चे प्रतिनिधी आहेत. ९बी डीडी या दोन बाइटच्या जागी सीडी ३९ बसतं, लांबी तीच राहते. उलगडा असा: ३९ वजा ३४ = ५, डी८ अधिक ५ = डीडी. मागचा ४६ ०६ हा नेहमीचाच मॉडआरएम आणि विस्थापन. १६-बिट पत्त्यांत आरएम ६ म्हणजे बीपी, म्हणून ही एफएलडी क्वर्ड [बीपी+६]. हेच बाइट ३२-बिट समजून वाचले तर [ईएसआय+६] येईल, तेव्हा मोड आधी ठरवा.

इंटरप्ट ३सी सेगमेंट ओव्हरराइड असलेल्या रूपासाठी आहे, आणि ३डी म्हणजे नुसती एफवेट. प्रोग्रॅम चालू असताना कोप्रोसेसर सापडला तर हँडलर हे बाइट परत ९बी डीडी असे दुरुस्त करून तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवतो. त्यामुळे डिस्कवरची फाइल आणि मेमरीचा डंप जुळत नाहीत. दोन्ही तितकेच खरे.

———

रजिस्टरकर यांची भर:

डी९ चा मॉड ३ फाटा कोणी सांगितला नाही, तो सांगतो. रेग ० एफएलडी एसटीआय, रेग १ एफएक्ससीएच, डी९ डी० म्हणजे एफनॉप. रेग ४ पासून आरएम हा स्टॅकचा क्रमांक राहत नाही, क्रियेचाच भाग होतो. अनेक नवख्या डिकोडरांत ‘एफसीएचएस एसटी१’ सारखं काहीतरी छापलं जातं ते यामुळे. डी९ ई० एफसीएचएस, ई१ एफअ‍ॅब्स, ई४ एफटीएसटी, ई५ एफएक्सअ‍ॅम. ई८ ते ईई हे स्थिरांक: १, लॉग२ १०, लॉग२ ई, पाय, लॉग१० २, नैसर्गिक लॉग २, शून्य. एफ० ते एफएफ च्या सोळाही जागा भरलेल्या आहेत: एफ२एक्सएम१, एफवायएल२एक्स, एफपीटॅन, एफपीएटॅन, एफएक्सट्रॅक्ट, एफप्रेम१, एफडेकएसटीपी, एफइंकएसटीपी, एफप्रेम, एफवायएल२एक्सपी१, एफस्क्वेअररूट, एफसाइनकॉस, एफआरएनडीइंट, एफस्केल, एफसाइन, एफकॉस.

एकच अचूक मॉडआरएम चालणाऱ्या जागाही आहेत: एफकॉमपीपी फक्त डीई डी९, एफयूकॉमपीपी फक्त डीए ई९, एफएनएसटीएसडब्ल्यू एएक्स फक्त डीएफ ई०.

कोष्टकात रिकाम्या दिसणाऱ्या काही जागा प्रत्यक्षात चालतात. डीसी डी० कुटुंब एफकॉमसारखं वागतं, डीडी सी८ आणि डीएफ सी८ एफएक्ससीएचसारखं, डीएफ सी० कुटुंब म्हणजे एफफ्रीपी. एफफ्रीपी हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. जीसीसीनं एएमडी प्रोसेसरसाठी ट्यून करताना ती वापरलेली आहे, म्हणून तिला ‘अवैध’ ठरवू नका.

तुलनेचे पॅटर्न ओळखता आले तर आउटपुट खूप वाचनीय होतं. एफकॉमनंतर डीएफ ई० नं स्टेटस वर्ड एएक्स मध्ये येतो. त्यातले तुलनेचा निकाल सांगणारे सी०, सी२, सी३ हे एएच चे ०१, ०४, ४० हे बिट होतात. तिन्ही शून्य म्हणजे एसटी० मोठा. फक्त सी० म्हणजे लहान. फक्त सी३ म्हणजे समान. तिन्ही १ म्हणजे नॅन (संख्याच नसलेलं मूल्य), तुलना होत नाही. मग एफ६ सी४ ४५ म्हणजे टेस्ट एएच, ४५: झीरो फ्लॅग लागला तर एसटी० मोठा. एफ६ सी४ ४४ नंतर ७ए, म्हणजे जेपी, दिसली तर ती समानतेची चाचणी आहे. समान असेल तर ४४ मधला एकच बिट उरतो, पॅरिटी विषम, जंप होत नाही. असमान असेल तर शून्य बिट, नॅन असेल तर दोन बिट, दोन्ही वेळा पॅरिटी सम आणि जंप होते. एकाच जंपमध्ये नॅनही हाताळला जातो, ही युक्ती मला फार आवडते. ९ई, म्हणजे साहफ, दिसली तर सी० कॅरीत, सी२ पॅरिटीत, सी३ झीरोत जातो आणि पुढच्या जंप चिन्हरहित पूर्णांकांच्या असतात: जेए, जेबी. जेजी दिसली तर मागे कुठेतरी तुमचं डिकोडिंग सरकलं आहे का ते तपासा.

———

एक्सएमएम८ यांचं उत्तर:

पुढे ६४-बिटकडे जाणार असाल तर फ्लोटिंग पॉइंटचा बराचसा भाग ०एफ नंतरच्या एसएसई इन्स्ट्रक्शनमध्ये सापडेल. तिथे प्रकार प्रीफिक्सवरून ठरतो. ०एफ ५८ ही बेरीज: प्रीफिक्स नसेल तर अ‍ॅडपीएस, ६६ असेल तर अ‍ॅडपीडी, एफ३ ला अ‍ॅडएसएस, एफ२ ला अ‍ॅडएसडी. ६६ आणि एफ२ दोन्ही असतील तर एफ२ चं चालतं.

चुका रेक्सपाशी, म्हणजे रजिस्टरचा क्रमांक आणि आकार वाढवणाऱ्या ६४-बिट प्रीफिक्सपाशी, होतात. रेक्स हा ऑपकोडच्या अगदी आधी, म्हणजे एफ२ च्या नंतर हवा. एफ२ ४४ ०एफ ५८ सी१ म्हणजे अ‍ॅडएसडी एक्सएमएम८, एक्सएमएम१. एफ२ ४८ ०एफ २ए सी० म्हणजे आरएएक्स मधल्या ६४-बिट पूर्णांकाचा डबल. तेच बाइट ४८ एफ२ ०एफ २ए सी० असे आले तर रेक्स निष्प्रभ होतो आणि ऑपरंड ईएएक्स ठरतो. मागून दुसरा प्रीफिक्स दिसला की साठवलेला रेक्स शून्य करा, हा नियम लिहून ठेवा.

दुसरी जागा: मॉड ०, आरएम ५. ३२-बिटमध्ये हा निव्वळ पत्ता, ६४-बिटमध्ये पुढच्या इन्स्ट्रक्शनपासूनचं अंतर. ४०१००० वर एफ२ ०एफ १० ०५ एफ८ ०एफ ०० ०० असेल तर लांबी ८, पुढचा पत्ता ४०१००८, त्यात ०एफएफ८ मिळवले की ४०२०००. स्थिरांक तिथे सापडेल. लांबी पूर्ण कळल्याशिवाय हा पत्ता काढू नका. इमिजिएट असलेल्या इन्स्ट्रक्शनमध्ये तो बाइट विस्थापनानंतर येतो.

व्हेक्स या नव्या प्रकारच्या प्रीफिक्सबद्दल थोडक्यात: सी५ एफबी ५८ सी१ म्हणजे व्हीअ‍ॅडएसडी एक्सएमएम०, एक्सएमएम०, एक्सएमएम१. एफबी चे शेवटचे दोन बिट ११ म्हणजे एफ२. मधले चार बिट उलटे साठवलेले असतात, ११११ म्हणजे एक्सएमएम०. ३२-बिट मोडमध्ये सी५ ही एलडीएस सुद्धा असते; पुढच्या बाइटचे वरचे दोन बिट ११ असतील तरच व्हेक्स.

आणि ६४-बिट आलं म्हणून डी८ ते डीएफ चा कोड टाकून देऊ नका. लिनक्सवर लाँग डबल अजून ८०-बिट असतो आणि तो एसटी० मध्येच परत येतो. डीबी ६सी २४ ०८, म्हणजे एफएलडी टीबाइट [आरएसपी+८], तिथे हमखास भेटते.

———

अष्टमान:

सोळामान, ‘एक ओळ चुकली तर कळणार नाही’ ही तुमची काळजी दूर करायला दुसऱ्या डिसअसेंबलरशी तुलना पुरेशी नाही, कारण नावांचा वाद तिथे परत उभा राहील. प्रोसेसरलाच विचारा. एफइनिट करून एसटी१ = ८ आणि एसटी० = २ ठेवा, मग बाइट थेट डेटा म्हणून कोडमध्ये घालून चालवा. मॉडआरएम ई१, ई९, एफ१, एफ९ हे चार, आणि प्रत्येक डी८, डीसी, डीई बरोबर: एकूण बारा जोड्या. अपेक्षित उत्तरं:

ई१: −६
ई९: ६
एफ१: ०.२५
एफ९: ४

डी८ मध्ये उत्तर एसटी० मध्ये सापडेल आणि ८ जागेवर राहील. डीसी मध्ये उत्तर एसटी१ मध्ये आणि २ जागेवर. डीई मध्ये पॉप झाल्यामुळे उत्तर एसटी० मध्ये आणि स्टॅकवर एकच मूल्य. ते खरंच एकच आहे का हे स्टेटस वर्डच्या बिट ११ ते १३ मधल्या टॉपवरून, म्हणजे स्टॅकचा माथा कुठे आहे त्या क्रमांकावरून, तपासा. एफइनिटनंतर टॉप ० असतो, दोन लोडनंतर ६, एका पॉपनंतर ७. चारही उत्तरं बायनरीत अचूक मांडता येतात, त्यामुळे तुलना थेट समानतेनं करता येईल.

मेमरीच्या बाजूला आठ एस्केप बाइट गुणिले आठ रेग अशा चौसष्ट जागा. त्यातल्या डी९ ची १, डीबी च्या ४ आणि ६, डीडी ची ५ या चार रिकाम्या. तिथे अवैध ऑपकोडचा फॉल्ट, म्हणजे इंटरप्ट ६, यायला हवा. तुमचा डिकोडर साठ वैध मोजत असेल आणि ते चार बरोबर हेच असतील, तर मेमरीचं टेबल पूर्ण झालं.